दिवाळीआधीचे चार सामने

त्या वर्षी मला पगार मिळायला लागला तो बास्केटबॉल खेळण्याचा. हे वाक्य मी आज कुणासमोर म्हटलं की ऐकणारा आधी माझ्या उंचीकडे बघतो, मग गुडघ्यांकडे, आणि मग चहा घेणार का असं विचारतो. माझी उंची पाच फूट चार इंच. तेव्हाही तेवढीच होती. पण जबलपूरच्या कारखान्यांत त्या काळी खेळाडूंसाठी जागा असायच्या आणि आमच्या कारखान्यानं मुलींचा संघ नव्यानं उभा केला होता. दहा मुली घ्यायच्या होत्या, नऊ मिळाल्या होत्या, दहावी मी. सकाळी जेवणाच्या सुटीपर्यंत पेट्यांना चिठ्ठ्या बांधायच्या आणि दुपारी मैदानावर जायचं, अशी नोकरी. नेमणूक एका वर्षाची. खेळांचा मोसम संपत आला की कोणाला कायम करायचं त्याची यादी निघणार होती. मला खेळायला आवडायचं हे खरं आहे, पण त्याहून जास्त मला ती नोकरी हवी होती, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही.

आम्ही दीक्षितपुऱ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. आई, बाबा आणि मी. खाली घरमालकांचं बांगड्यांचं दुकान होतं, त्यामुळे आमच्या सकाळची सुरुवात बांगड्यांच्या पेट्या उघडण्याच्या आवाजानं व्हायची. वारा त्या बाजूचा असला की कारखान्याचा भोंगाही ऐकू यायचा, आणि तो ऐकू आला की बाबा दाढी करता करता अर्धा गाल तसाच ठेवून घड्याळ बघायचे. भोंगा चुकेल असं त्यांना वाटायचं नाही, पण आपलं घड्याळ चुकलं असेल अशी शंका त्यांना रोज यायची. त्याच कारखान्यात ते माप तपासणारे होते. मशीनवरून उतरलेला नग मापात बसतो की नाही हे बघायचं, बसला तर खडूनं खूण करायची, नाही बसला तर बाजूला ठेवायचा. पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं. घरीही त्यांची नजर तशीच फिरायची. भिंतीवरचं कॅलेंडर एका सुतानं तिरकं झालं तरी ते उठून सरळ करायचे.

गच्चीवर चेंडू आपटायची सोय नव्हती. एकदा मी आपटला तेव्हा खाली बांगड्या हलल्या आणि घरमालकीणबाई जिना चढून वर आल्या. त्या भांडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की बिटिया, काचेचा धंदा आहे आमचा. तेव्हापासून मी घरात चेंडूशिवाय सराव करायला शिकले. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर एक खिळा होता. त्याच्याकडे बघून मी गुडघे वाकवायची, हात वर न्यायची, मनगट सोडायची. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "काय करून राहिली वो तू? भूत लागल्यावाणी." आई वर्ध्याची होती. जबलपुरात येऊन तिला वीस वर्षं झाली होती, तरी बाजारात हिंदी बोलताना ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडी थांबायची, जणू दुकानदारानं ते वाक्य तपासून घ्यावं. घरात मात्र तिच्यासारखं भरभरून बोलणारं कोणी नव्हतं. आणि तिच्यासारखा गोळाभात मी पुढे कुठेही खाल्ला नाही. भातात शिजलेले ते डाळीचे गोळे आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. सामना असला की मी तेच मागायची. पोट जड होईल असं आमच्या प्रशिक्षकांचं मत होतं, पण ते माझ्या घरी जेवायला नव्हते.

हे प्रशिक्षक म्हणजे दुबे सर. सैन्यातून आलेले, बारीक मिशीचे, शिट्टी गळ्यात न घालता हातात धरणारे. मनानं चांगला माणूस. संघातल्या दहा जणींना ते मनातल्या मनात दोन भागांत बघायचे. एका भागात मर्सी आणि तिच्याबरोबरच्या तिघी, ज्या राज्याकडून खेळलेल्या होत्या. दुसऱ्या भागात आम्ही सहा जणी. मर्सी आमची कर्णधार. उंच, सावळी, कमी बोलणारी. ती उडी मारून चेंडू घ्यायची तेव्हा तिच्या आजूबाजूच्या मुली आपोआप बाजूला व्हायच्या, आणि मैदानाबाहेरही तेच व्हायचं. वर्षभर मी तिच्याशी 'हो दीदी' आणि 'अच्छा दीदी' याच्यापलीकडे बोलले नाही. आम्हा सहा जणींत माझी दोस्ती होती ती रझियाशी. तिचे वडील शिंपी होते, आणि आमच्या सगळ्यांच्या गुडघ्यापर्यंतच्या अर्ध्या चड्ड्या त्यांनीच शिवल्या होत्या. त्या इतक्या सभ्य होत्या की आईनंसुद्धा त्यांना नाव ठेवलं नाही.

शहरातल्या सहा संघांची लीग होती. दसरा झाला की सुरू व्हायची आणि थंडी ओसरेपर्यंत चालायची. सगळे सामने राइट टाउनमधल्या एका सिमेंटच्या मैदानावर, दुपारी चारला. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं आणि शेवटी वरच्या दोन संघांचा अंतिम सामना. दिवाळीआधी आमचे चार सामने होते, आणि दिवाळीपर्यंत मर्सी आणि त्या तिघी भोपाळला राज्याच्या शिबिरात असणार होत्या. म्हणजे ते चार सामने आम्हा सहा जणींचे. कारखान्यात त्याचं कोणाला काही वाटलं नाही. गाडी मिळाली नाही, नव्या जर्सी दिवाळीनंतरसाठी कपाटात राहिल्या. क्रीडा अधिकारी सक्सेना साहेबांनी आम्हाला सांगितलं की मुलींनो, मजेत खेळा, खरा मोसम पुढे आहे. ते प्रेमानं बोलले. मला फक्त एवढंच कळेना की पुढचा मोसम खरा असेल आणि त्यात मी बाकावर बसणार असेन, तर माझा मोसम कोणता.

पहिला सामना रेल्वेच्या मुलींशी होता. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि सिमेंटवर कोपऱ्याकोपऱ्यात ओल होती. दुबे सर दुसऱ्या दिवशी शिबिरासाठी भोपाळला निघणार होते, पण हा एक सामना बघायला थांबले होते. बाबा पाळीवरून सुटून थेट तिथे आले. आत आले नाहीत. मैदानाला कमरेएवढी भिंत होती, तिच्या बाहेर सायकल टेकवून उभे राहिले. मी कशी खेळले ते मला नीट आठवत नाही, शेवट मात्र अगदी स्वच्छ आठवतो. आम्ही एका गुणानं मागे होतो, थोडेच सेकंद उरले होते, आणि मला धक्का लागला म्हणून पंचांनी दोन फ्री थ्रो दिले. म्हणजे रेषेवर उभं राहून, कोणी आडवं न येता, दोनदा चेंडू टाकायचा. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर जिंकलो. स्वयंपाकघरातल्या खिळ्याकडे बघून मी हे हजार वेळा केलं होतं. पहिला चेंडू रिंगला लागलाच नाही. दुसरा रिंगच्या मागच्या कडेवर आपटून इतका उंच उडाला की तो खाली येईपर्यंत मला रडायला वेळ मिळाला.

दुबे सरांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "कोई बात नहीं बेटा. ये मैच गिनती के नहीं होते." मग त्यांनी पिशवी उचलली आणि गेले. त्या वाक्यानं माझी सुटका झाली आणि त्याच वाक्यानं मला राग आला, दोन्ही एकदम. गुणलेखकांच्या टेबलाजवळ जाऊन बाबांनी सामन्याच्या कागदाची कार्बन कॉपी मागून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत घरी आले. वाटेत उकडलेले शिंगाडे घेतले. ते मी सोलले नाहीत, तसेच हातात धरून ठेवले.

जेवताना मी बाबांना विचारलं की खरंच हे सामने मोजत नाहीत का. बाबा घास थांबवून म्हणाले की त्यांच्याकडे पहिला नग सगळ्यात कडक तपासतात. शंभरावा नग बिघडला तर एकच बिघडतो. पहिला बिघडला असेल तर मशीनच चुकीची लावलेली असते, मागून येणारे सगळे तसेच निघतात. म्हणून पहिल्याच नगावर मशीन थांबवायची. हे ते शांतपणे, समजावून सांगत होते, पण मी ताट बाजूला सारलं, कारण मला त्यातून एवढंच ऐकू आलं की मी बिघडलेली आहे. आईच्या ते लक्षात आलं. ती तव्यापाशी बसली होती. तिनं उलथनं खाली ठेवलं.

"तुमच्या कारखान्याचं इथं काहून सांगून राहिले?" ती म्हणाली. "माझी पहिली पोळी रोज जळते नाहीतर कच्ची राहते. तवा तापला का नाही ते तिच्यावरूनच कळते. म्हणून मी काय चूल विझवते? का तुम्ही म्हणता, हिला सैपाक येत नाही?"

बाबांनी हे एखाद्या नगासारखं तपासून बघितलं. शेवटी म्हणाले, "दोन्ही बरोबर आहे. पण पोळी जळली की तू आच कमी करतेस. तेवढं तरी करावं लागेल." आणि मला म्हणाले की दुसरा थ्रो आखूड पडला नव्हता, लांब गेला होता. म्हणजे ताकद आहे, हात घाईत सुटतोय. हे त्यांना भिंतीबाहेरून दिसलं होतं. त्यांनी आयुष्यात कधी बास्केटबॉल हातात घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि रझिया भोंग्याच्या आधी मैदानावर जायला लागलो. ती चेंडू आणून द्यायची, मी टाकायची. चेंडू हातात घेऊन आधी एक पूर्ण श्वास सोडायचा आणि मगच गुडघे वाकवायचे, असं मी ठरवलं. शंभर टाकले की मी चेंडू आणायची आणि ती टाकायची. दुबे सर नव्हते, त्यामुळे आम्हाला सांगायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं आम्हाला बरंच वाटलं. कोणी कुठे उभं राहायचं, कोणाला कधी बाहेर काढायचं, हे आम्ही सहा जणींनी मिळून ठरवायला सुरुवात केली. उंची कोणाकडेच नव्हती, म्हणून आम्ही पळायचं ठरवलं. समोरच्या मुली चेंडू टाकून मागे वळायच्या आत आम्ही त्यांच्या रिंगखाली पोचलेलो असायचो. दुसरा सामना आम्ही जिंकलो, आणि त्यात मला चार फ्री थ्रो मिळाले, चारही गेले. तिसराही जिंकलो. चौथ्यात शेवटच्या पाच मिनिटांत आमची एक मुलगी पाच फाउल होऊन बाहेर गेली, बाकावरची सहावी आत आली आणि बाक रिकामं झालं. त्यानंतर कोणाला काही झालं असतं तर आम्ही चौघीच उरलो असतो. तोही जिंकलो. रझियानं त्या दिवशी जो चेंडू अडवला तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तिच्याहून वीतभर उंच मुलीच्या हातातून तिनं तो असा काढून घेतला की पंचसुद्धा क्षणभर शिट्टी तोंडात धरून बघत राहिले. भिंतीबाहेर बाबा, त्यांची सायकल आणि मुगाची भजी तळणारा एक मंगोडेवाला, एवढेच प्रेक्षक. बाबांनी चारही सामन्यांचे कागद एका फाइलीत लावून ठेवले.

माझी नात मिनी सध्या सकाळी पोहे खाता खाता फोनवर अमेरिकेतले व्यावसायिक सामने बघते. नेपियर टाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती आणि मी दोघीच लवकर उठतो. मोठमोठे खेळाडू सुरुवातीच्या सामन्यांत साधे कपडे घालून बाकावर बसलेले असतात. मी विचारलं की हे खेळून काहून नाही राहिले, तर ती म्हणाली, "अरे आजी, अभी तो सीझन शुरू हुआ है. ऐंशीच्या वर मॅच असतात. ये वाले मॅटर नहीं करते." मी म्हटलं, ते बसले आहेत ठीक, पण त्यांच्या जागी जो खेळतो आहे त्याला जाऊन विचार. तिनं फोनमधून मान वर केली आणि त्या मुलाचं नाव शोधून मला सांगितलं. ते मी लगेच विसरले, पण तो जिवाच्या आकांतानं पळत होता हे विसरले नाही. मला या प्रश्नावर वाद घालायचा कंटाळा येत नाही. गुणांच्या टेबलात एक विजय म्हणजे एक विजय असतो, तो कोणत्या महिन्यातला आहे हे टेबलाला माहीत नसतं. माणसांना माहीत असतं, म्हणून माणसं चुकतात.

दिवाळी झाली आणि मर्सी परत आली. नव्या जर्सी कपाटातून निघाल्या. दुबे सरांनी सगळ्यांना गोल उभं करून सांगितलं की आता कामाला लागायचं, आणि मी बाकावर जाऊन बसले. याबद्दल माझी तक्रार नव्हती. मर्सी माझ्याहून कितीतरी चांगली खेळायची आणि हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बाजारात मटार आले, आई मटारची उसळ करायला लागली, संध्याकाळी स्वेटर लागायला लागले. सामन्यांना आता कारखान्याचे लोक यायचे, साहेब लोक खुर्च्यांवर बसायचे. आम्ही कधी जिंकायचो, कधी हरायचो. सगळेच संघ आता पूर्ण ताकदीनं उतरत होते. उरलेल्या सहांपैकी तीन जिंकले, तीन हरलो. मी त्या सहा सामन्यांत मिळून जेमतेम दहा मिनिटं खेळले असेन. शेवटी हिशेब लागला तेव्हा आमचे सहा विजय होते, आमच्या मागच्या संघाचे पाच. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. कारखान्यात पेढे वाटले गेले आणि रझियानं माझ्या कानात सांगितलं की अर्धा पेढा आपला आहे.

चार दिवसांनी नोटीस बोर्डावर यादी लागली. कायम करण्यासाठी शिफारस केलेल्या खेळाडूंची नावं. आठ होती. माझं नव्हतं आणि रझियाचं नव्हतं. मी ती यादी खालून वर आणि वरून खाली वाचली, जणू एका बाजूनं वाचल्यावर नाव सापडेल. रझियानं डोक्यावरची ओढणी नीट केली आणि आपल्या कामावर परत गेली. तिच्या घरी तिच्या पगाराशिवाय चूल नीट पेटणार नाही हे मला माहीत होतं. घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं. ते पंचवीस वर्षांत कोणत्याही साहेबाच्या खोलीत स्वतःहून गेले नव्हते, आणि मी त्यांना जायला सांगितलंही नाही. मी फक्त म्हटलं की फाइल द्या. त्यांनी कपाटातून फाइल काढली, चारही कागद तारखेप्रमाणे लावलेले आहेत ना ते बघितलं आणि माझ्या हातात दिली. आई म्हणाली, "खाऊन जा. उपाशी पोटी माणूस रडते." मी खाऊन गेले.

सक्सेना साहेबांच्या खोलीत दुबे सर बसलेले होते. ते बरंच झालं. मी रझियालाही ओढून नेलं होतं, ती दाराशी उभी राहिली. मी साहेबांना विचारलं की यादी कशावरून केली. ते म्हणाले, मुख्य सामन्यांतल्या कामगिरीवरून, आणि शिफारस प्रशिक्षकांची आहे. सुरुवातीचे सामने सरावासारखे असतात, ते आम्ही धरत नाही, वगैरे. त्यांचा आवाज चढला नाही, माझाही चढला नाही. मी फाइल टेबलावर ठेवली आणि हिंदीतच म्हटलं, "साहब, ये चार मैच हटाकर देख लीजिए. फिर फाइनल में हम नहीं हैं."

साहेबांनी दुबे सरांकडे बघितलं. दुबे सरांनी फाइल ओढून घेतली. मी त्यांच्याकडे वळले. आत येताना जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच बोलले. "सर, आपने मेरा एक ही मैच देखा है. पहला."

दुबे सर खूप वेळ कागद बघत राहिले. गुणपत्रिका वाचता येणाऱ्याला सामना दिसतो. कोणी कितव्या मिनिटाला बास्केट केली, कोणाचे किती फाउल, कोण आत, कोण बाहेर. त्यांचं बोट रझियाच्या नावावर थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं. चौथ्या कागदावर ते म्हणाले, "छह ही थीं तुम लोग? पूरा मैच?" मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं की संघ कोण चालवत होतं. दारातून रझिया म्हणाली, "हम ही, सर." मग ते साहेबांकडे वळून जे बोलले त्यासाठी मी त्यांना आयुष्यभर मान दिला. ते म्हणाले, "साहब, लिस्ट मैंने बनाई थी. जो मैच मैंने देखे नहीं, उनको मैंने हुआ ही नहीं माना. गलती मेरी है." त्यांनी पेन मागितलं आणि यादीच्या खाली आपल्या हातानं आमची दोन नावं लिहिली. साहेबांनी दोन जागांसाठी वर विचारावं लागेल असं सांगितलं, आणि त्यांनी विचारलंही. बाहेर आल्यावर रझिया पायरीवर बसली आणि इतकी हसली की पहारेकरी बघायला आला.

अंतिम सामना आम्ही हरलो. मला शेवटची चार मिनिटं मिळाली आणि त्यात मी दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही गेले, पण तेव्हा आम्ही इतके मागे होतो की त्याचा काही उपयोग नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या मुलांना मी ही गोष्ट सांगायची तेव्हा ती दोघं शेवटी मी जिंकून दिलं असं समजायची आणि मी त्यांना तसं समजू द्यायची. कायम केल्याचं पत्र उन्हाळ्यात आलं, रझियाचं आणि माझं एकाच दिवशी. बाबांनी माझं पत्र दोनदा वाचलं, त्यात नावाचं स्पेलिंग चुकलं आहे हे शोधून काढलं आणि दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करून आणायला लावलं. त्या नोकरीवर मी पुढे तीस वर्षं काढली, त्यातली नऊ खेळाडू म्हणून.

पुढच्या वर्षी दसरा झाला, लीग लागली, आणि पहिलाच सामना पुन्हा रेल्वेशी आला. शिबिर त्याच आठवड्यात सुरू व्हायचं होतं. सामन्याच्या दिवशी मी मैदानावर पोचले तेव्हा मर्सी आणि त्या तिघी आधीच तिथे होत्या, कपडे बदलून, पाय मोकळे करत. मी विचारलं की दीदी, शिबिराचं काय. ती म्हणाली, दुबे सरांनी भोपाळला चिठ्ठी पाठवून आम्ही एक दिवस उशिरा येतो म्हणून कळवलं आहे. मग बुटाला खडू लावता लावता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तुम लोग शुरू से भागती थीं ना? आज मुझे भी बताना, कब भागना है." मी तिला सांगितलं. पहिल्या पाचात ती होती, मी होते, रझिया होती. आम्ही जीव तोडून खेळलो. मर्सी इतकी पळाली की दुसऱ्या अर्ध्यात तिच्या पोटऱ्या आखडल्या आणि तरी ती बाहेर गेली नाही.

तो सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. पंचांनी शेवटची शिट्टी वाजवली तेव्हा चेंडू मर्सीच्या हातात होता. तिनं तो पंचांकडे दिला नाही. मैदानाच्या कडेला जाऊन ती सिमेंटवर बसली, गुडघ्यांत डोकं घातलं आणि रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. जानेवारीतले हरलेले सामने झाले तेव्हा नाही, अंतिम सामना हरलो तेव्हाही नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. आधी थोडं अंतर ठेवून, मग खांद्याला खांदा लावून. ती सरकली नाही. काही बोलायला हवं होतं, पण मनातून मी इतकी खूश होते की ते लपवण्यासाठी मी मान खाली घातली आणि माझ्या बुटाची चांगली बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत राहिले.